नगरपरिषदेचे प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीसाठी घ्यावे का? जमीन आणि विहिरींची जोखीम कशी तपासावी?

भीमाकाठ

नमस्कार. मी पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका पाणी वापर संस्थेचा सचिव आहे. शेजारच्या शहरातील सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून रोज साधारण ४० लाख लिटर पाणी बाहेर पडते आणि सध्या ते ओढ्यात सोडले जाते. हे पाणी आठ किलोमीटर लांबीच्या बंद वाहिनीने आमच्या शिवारात आणून सुमारे ३५० एकरांना द्यावे, असा प्रस्ताव संस्थेपुढे आला आहे. फेब्रुवारी सरला की आमच्या विहिरी तळ गाठतात. त्यामुळे निम्मे सभासद ‘उद्याच वाहिनी टाका’ म्हणतात आणि उरलेले निम्मे ‘गटाराचे पाणी रानात नको’ एवढे एकच वाक्य बोलून सभेतून उठून जातात. दोन्ही बाजूंकडे आकडे नाहीत, हीच माझी अडचण आहे.

केंद्राने आम्हांला एक तपासणी अहवाल दिला आहे. त्यात सामू ७.६, बीओडी (जैविक प्राणवायू मागणी) ९, सीओडी (रासायनिक प्राणवायू मागणी) ४४, निलंबित घन पदार्थ १२ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि मलजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जीवाणू) दर १०० मिलिलिटरला २२० असे लिहिले असून खाली ‘सर्व निकषांची पूर्तता’ असा शेरा आहे. जमीन मध्यम ते भारी काळी आहे, दोन-अडीच फुटांखाली चुनखडीचा थर लागतो आणि त्याखाली मुरूम. पिके म्हणजे ऊस, कांदा, चाऱ्याचा मका आणि थोडे डाळिंब. या क्षेत्रात चाळीसएक विहिरी आहेत आणि वस्तीवरची काही घरे त्यांतलेच पाणी पितात. एवढ्या माहितीवर होकार द्यावा की नकार, आणि त्याआधी नेमके काय तपासून घ्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


काळी_कसदार

मी माती व पाणी परीक्षण प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे मातीच्या बाजूने लिहितो.

आपल्याला मिळालेला अहवाल खोटा आहे असे मी म्हणत नाही, पण तो नदीच्या प्रश्नाचे उत्तर देतो, रानाच्या नव्हे. सांडपाणी नदीत मिसळल्यावर तिथला प्राणवायू किती खर्ची पडेल, हे बीओडीवरून कळते. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने ही मर्यादा महानगरांसाठी २० आणि इतर ठिकाणी ३० ठेवली होती, आणि राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये ती १० पर्यंत खाली आणण्याचा आदेश दिला. मासे आणि जलचर यांच्यासाठी हा फरक जीवनमरणाचा आहे. मातीला मात्र बीओडी ९ आहे की २५, याचे फारसे सोयरसुतक नसते, कारण मातीतले जीवाणू तेवढे सेंद्रिय द्रव्य सहज पचवतात. मातीला जे जाणून घ्यायचे असते ते या कागदावर कुठेच नाही: विद्युत वाहकता (एकूण क्षारांचे माप), सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, बोरॉन आणि एकूण नत्र. या आठ तपासण्या हाती आल्याशिवाय ३५० एकरांबद्दल होकार किंवा नकार, दोन्ही देऊ नयेत.

सर्वांत आधी हे समजून घ्यावे की प्रक्रिया केंद्र मैला काढते, मीठ काढत नाही. शहरात आलेले पाणी एकदा घराघरांतून फिरले की साबण, धुलाई पावडर, स्वयंपाकातले मीठ आणि मलमूत्र यांमुळे त्यात लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅम क्षारांची भर पडते. ज्या इमारतींत बोअरचे जड पाणी मृदू करणारी यंत्रे बसवलेली असतात, तिथे ती यंत्रे धुताना पोत्याने मीठ वापरले जाते आणि तेही गटारातच जाते. हवा सोडणाऱ्या टाकीतून, गाळणीतून आणि क्लोरीनमधून हे सगळे सोडियम जसेच्या तसे बाहेर पडते.

काळ्या जमिनीत सोडियमचा खेळ कसा चालतो, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण फसगत इथेच होते. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट जातीची. ती फुगते, आकसते, भेगा पाडते आणि आपल्या कणांभोवती कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांना धरून ठेवते. कॅल्शियम कणांना एकमेकांना बांधून ठेवतो, तर सोडियम वाढला की कण सुटे होतात. मात्र पाणी खारट असेपर्यंत हे सुटणे दिसत नाही, कारण पाण्यातले क्षारच कणांना दाबून ठेवतात. शेतकरी चार-पाच महिने सांडपाणी देतो, पीक हिरवेगार दिसते, आणि सगळे ठीक आहे असा त्याचा समज होतो. मग वळवाचा पाऊस येतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे ते मातीच्या वरच्या थरातले क्षार धुऊन नेते, पण कणांना चिकटलेला सोडियम तिथेच राहतो. दाबून ठेवणारे क्षार गेले आणि सोडियम उरला की माती पाण्यात विरघळल्यासारखी पसरते, छिद्रे बुजतात, वर पापुद्रा धरतो, आणि ज्या रानात पूर्वी पाऊस तासाभरात मुरत असे तिथे दुसऱ्या दिवशीही गढूळ पाणी उभे दिसते. आपण जिला चोपण म्हणतो, तिची ही सुरुवात असते. म्हणून सांडपाणी दिलेल्या काळ्या जमिनीची तपासणी उन्हाळ्यात करून भागत नाही, पहिल्या दोन-तीन पावसांनंतरही ती करावी लागते.

याची एक घरगुती चाचणीही आहे. वाळलेल्या मातीचे हरभऱ्याएवढे ढेकूळ काचेच्या ग्लासात, पावसाच्या किंवा बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात अलगद सोडावे आणि ग्लास न हलवता दोन तास ठेवावा. ढेकूळ नुसते फुटून तळाशी बसले तर काळजी नाही. त्याच्याभोवती दुधाळ, धुरकट कडे तयार होऊन पसरू लागले, तर त्या मातीत सोडियमचे प्रमाण त्रासदायक झाले आहे असे समजावे. ही चाचणी नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात करू नये, कारण त्यातले क्षार खरे चित्र झाकतात.

वाहिनीचा पहिला थेंब पडण्याआधी आजची स्थिती नोंदवून ठेवा, हे माझे दुसरे आणि तितकेच आग्रहाचे सांगणे. निदान दहा ठिकाणी, शून्य ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर अशा चार थरांचे नमुने घ्यावेत आणि प्रत्येक खड्ड्याची जागा मोबाइलवर टिपून ठेवावी. विहिरींपैकी आठ-दहा निवडून त्यांचे पाणी एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या सुमारास तपासावे. पाच वर्षांनी रान बिघडले अशी तक्रार झाली तर ‘ते आधीच तसे होते’ हे उत्तर ठरलेले असते, आणि त्या वेळी जुने आकडे हाती नसतील तर वाद तिथेच संपतो.


गाळणी

मी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे चालवण्याचे काम करतो, आणि त्यामुळे या अहवालाकडे थोड्या वाकड्या नजरेने पाहतो. मर्यादा १० आणि आकडा ९, मर्यादा २३० आणि आकडा २२०: उंबरठ्याला टेकून थांबलेले असे आकडे दिसले की माझा पहिला प्रश्न असतो, नमुना कधी घेतला? एका बाटलीत एका क्षणाला भरलेला नमुना त्या क्षणाबद्दल बोलतो. आपण दर तासाला थोडे थोडे पाणी घेऊन चोवीस तासांचा मिश्र नमुना मागावा, आणि कोलिफॉर्मचा नमुना मात्र निर्जंतुक बाटलीत वेगळा, बर्फात ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. तोही सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, कारण त्या वेळी शहरातून सर्वाधिक पाणी येते आणि केंद्रावर सर्वाधिक ताण असतो.

सरासरीने जमीन बिघडते आणि अपवादाने माणूस आजारी पडतो, असे मी माझ्या कामगारांना सांगत असतो. वीज चार तास गेली आणि जनित्राला डिझेल नसले तर हवा सोडणारे पंखे बंद पडतात. सोडियम हायपोक्लोराइटची टाकी रिकामी झाली तर रविवारी कुणाच्या लक्षात येत नाही. सेप्टिक टाक्या उपसणारा टँकर केंद्रावर न येता वाटेतल्या चेंबरमध्ये मैलागाळ ओततो. मी पूर्वी ज्या केंद्रावर होतो तिथे एका पहाटे येणारे पाणी चक्क निळे होते. कुठल्या तरी रंगकामाच्या कारखान्याने रात्रीत टाकी रिकामी केली होती. चार तासांनी पाणी पुन्हा नेहमीसारखे दिसू लागले आणि त्या महिन्याच्या अहवालात त्या पहाटेचा मागमूसही नव्हता. आपल्या शहरात गॅल्व्हनायझिंग, मुलामा देण्याचे काम, कापड रंगवणे, बॅटऱ्या फोडणे यांपैकी काही चालते का, हे आधी पायी फिरून पाहावे. असेल तर शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल आणि जस्त यांची तपासणी पाण्याबरोबरच केंद्रातल्या वाळवलेल्या गाळातही करून घ्यावी. पाण्यात धातू क्षणभर दिसतात आणि निघून जातात, पण गाळात ते साठत राहतात, त्यामुळे गाळ गेल्या कित्येक आठवड्यांची साक्ष देतो.

म्हणून करारात एक कलम हवेच: पाणी बिघडलेले असेल तेव्हा ते आपल्या वाहिनीत न येता दुसरीकडे वळवणारी झडप असावी, आणि ती कुणी, कोणत्या आकड्यावर, किती मिनिटांत बंद करायची हे लिहिलेले असावे. विद्युत वाहकता, गढूळपणा आणि शिल्लक क्लोरीन मोजणारे तीन साधे मापक वाहिनीच्या तोंडाशी बसवता येतात आणि त्यांचे आकडे संस्थेच्या मोबाइलवर येऊ शकतात. ही यंत्रणा नसेल तर बाकी सगळी जोखीम-तपासणी कागदावरच राहते.

जंतांविषयीही सांगायला हवे, कारण या अहवालाने त्याबद्दल अवाक्षर काढलेले नाही. क्लोरीनने बहुतेक जीवाणू मरतात, पण गोलकृमीच्या अंड्यांचे कवच त्याला दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त एक अंडे, असा निकष आहे. अंडी जड असतात, ती गाळून किंवा निवळवूनच काढावी लागतात. वाळूची गाळणी किंवा आठ-दहा दिवस पाणी शांत राहील असे तळे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. शेततळ्यात शेवाळ धरते आणि ठिबकचे ड्रिपर तुंबतात ही तक्रार खरी आहे, पण रानात अनवाणी काम करणाऱ्या बायकांच्या पोटात जंत जाण्यापेक्षा गाळणी रोज धुणे परवडले.


बंगळूरवासी

मी मूळचा सोलापूरचा, पण बरीच वर्षे बंगळूरला राहतो. आपल्याकडे हा प्रश्न ३५० एकरांचा आहे, तर इथे तो अख्ख्या जिल्ह्याचा झाला होता. बंगळूरच्या कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातले दुसऱ्या टप्प्यापर्यंत (जीवाणूंकरवी मैला पचवण्यापर्यंत) प्रक्रिया केलेले सांडपाणी, रोज ४४ कोटी लिटर, कोलार जिल्ह्यातल्या शंभरावर तलावांत भरण्याची योजना कर्नाटक सरकारने आखली. जून २०१८ मध्ये पाणी पहिल्या, म्हणजे लक्ष्मीसागर तलावात पोहोचले आणि पुढच्याच महिन्यात तिथे फेस दिसू लागला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, पाणी काही काळ थांबवावे लागले, पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद पोहोचला आणि त्यानंतर योजना सुरू राहिली.

या अनुभवातून दोन्ही बाजूंचे लोक आपल्याला हवे तेवढेच उचलतात. कोलार हा कोरडा जिल्हा, बोअर हजार फुटांच्याही खाली गेलेले, आणि तलाव भरल्यावर आसपासच्या विहिरी-बोअरची पातळी वर आली, हे खरे आहे. शेतकऱ्यांना पाणी दिसले, आणि त्याचे मोल कोरडवाहू माणसालाच कळते. पण तिथे पाणी थेट पिकाला दिले जात नाही, ते तलावातून भूजलात मुरते, आणि तेच भूजल गावे पितात. म्हणजे तिथला खरा प्रश्न ‘पीक काय घेता’ हा नसून ‘हातपंपाला काय येते’ हा आहे, आणि म्हणूनच तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे त्यापुढची जादा शुद्धीकरणाची प्रक्रिया करा ही तिथल्या आंदोलकांची मागणी माझ्या मते रास्त आहे. आपल्या वस्तीवरची घरे विहिरीचे पाणी पितात, असे आपण ओझरते लिहिले आहे. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच. काळ्या जमिनीखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला बेसाल्ट असेल तर रानात दिलेले पाणी त्या विहिरीत पोहोचायला वर्षे लागत नाहीत. सांडपाण्यातले नत्र नायट्रेट होऊन भूजलात उतरते, आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. त्या घरांना नळाचे पाणी आधी द्या आणि मग वाहिनी टाका, हा क्रम उलटा होऊ देऊ नका.


ओढ्याकाठी

आतापर्यंत कुणी ओढ्याविषयी बोलले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. हे पाणी आज वाया जात नाही, ते ओढ्यात जाते. उन्हाळ्यात अशा ओढ्यात दुसरे पाणीच नसते. खालच्या अंगाला कुणी ना कुणी त्यावर इंजिन लावून बसलेले असते, काठच्या विहिरी त्यावर भरतात, गुरे तिथेच पाणी पितात. आपण चाळीस लाख लिटर उचलले की त्यांचे पाणी गेले, आणि ते आपल्या सभेला हजर नसतात. दुसऱ्या बाजूने पाहता, नत्र आणि स्फुरद असलेले हे पाणी ओढ्यातून नदीत आणि नदीतून उजनीच्या जलाशयात गेले तर तिथे शेवाळ वाढवते, तेव्हा ते जमिनीवर वापरणे नदीच्या फायद्याचेही असू शकते. म्हणून जोखमीच्या तक्त्यात ‘पाणी घेतले तर’ याच्या शेजारी ‘पाणी न घेता आहे तसे चालू दिले तर’ असाही रकाना हवा. तो नसला की ज्याला जे सिद्ध करायचे असते ते सिद्ध होते.


भीमाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. महिनाभर उशिरा उत्तर देत आहे, कारण तेवढा वेळ नमुने घेण्यात गेला. चोवीस तासांच्या मिश्र नमुन्याचे निकाल असे आहेत: विद्युत वाहकता १.३ डेसिसीमेन प्रति मीटर, सोडियम १५०, कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ३६, बायकार्बोनेट ४००, क्लोराइड १८०, एकूण नत्र १८ आणि बोरॉन ०.४ मिलिग्रॅम प्रति लिटर. सकाळी आठ वाजता घेतलेल्या वेगळ्या नमुन्यात मलजन्य कोलिफॉर्म २२० नव्हे, तर १,७०० निघाले. गाळातील धातूंचा अहवाल अजून यायचा आहे. आमच्या विहिरींच्या पाण्याची वाहकता सरासरी ०.९ आहे, आणि दोन विहिरींत नायट्रेट आजच ६० च्या वर आहे, म्हणजे सांडपाणी येण्याआधीच. ही गोष्ट सभेत सांगितल्यावर बराच वेळ कुणी काही बोलले नाही.

या आकड्यांचा अर्थ कसा लावावा?


काळी_कसदार

आकडे बोलके आहेत. सोडियम शोषण गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, याचे माप) काढले तर ३.८ च्या आसपास येते आणि उर्वरित सोडियम कार्बोनेट (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरणारे बायकार्बोनेट) लिटरमागे ०.६ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे १.२५ या सुरक्षित मर्यादेच्या आत. बोरॉनचीही चिंता नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या प्रचलित वर्गवारीत वाहकता ०.७ ते ३ या पट्ट्यातले पाणी ‘थोडी ते मध्यम बंधने’ या गटात येते. पाणी वाईट नाही, पण निष्काळजीपणे वापरण्यासारखेही नाही.

आता हिशेब करू. वर्षाला एकरी एक मीटर पाणी दिले, तर ते सुमारे ४,००० घनमीटर होते. १.३ वाहकतेच्या पाण्यातून त्याबरोबर एकरी जवळपास ३.४ टन क्षार येतात. हा आकडा ऐकून दचकू नका, कारण तेवढेच विहिरीचे पाणी दिले तरी २.३ टन येतातच. खरी भर वर्षाला एकरी एक टनाची आहे. पाऊस आणि निचरा मिळून ती खाली धुऊन जाते की चुनखडीच्या थरावर अडून बसते, यावर सगळे अवलंबून आहे. निचरा चांगला असला तरी अशा पाण्याने मुळांच्या थरातली क्षारता पाण्याच्या दीडपट, म्हणजे दोनच्या घरात स्थिरावते. उसाचे उत्पादन १.७ च्या पुढे आणि कांद्याचे १.२ च्या पुढे घटू लागते. कांद्याला म्हणूनच हे पाणी दोन्ही अंगांनी नको, क्षारांमुळेही आणि तो कच्चा खाल्ला जातो यामुळेही. युरोपीय संघाचा जो नियम जून २०२३ पासून लागू झाला, त्यात खाण्याचा भाग पाण्याला लागतो आणि कच्चा खाल्ला जातो अशा पिकांसाठी ई. कोलायची मर्यादा १०० मिलिलिटरला १० आहे. मलजन्य कोलिफॉर्म आणि ई. कोलाय हे जीवाणू-गट अगदी एकच नव्हेत, तरीही १,७०० आणि १० यांतले अंतर पुरेसे बोलके आहे.

नत्राचा हिशेब सभासदांना सर्वांत आधी पटेल. १८ मिलिग्रॅमच्या हिशेबाने एकरी ७२ किलो नत्र पाण्यातूनच येते, म्हणजे युरियाच्या जवळपास साडेतीन गोण्या. सुरू (हिवाळ्यात लावलेल्या) उसाची शिफारस एकरी १०० किलो नत्राची आहे. पाण्यातले हे नत्र मोजून वरची मात्रा कमी केली तर पैसे वाचतात. न करता सवयीने पूर्ण मात्रा टाकली तर उरलेले नत्र विहिरीत जाते, आणि आपल्या दोन विहिरी आजच ६० च्या वर आहेत ते बहुधा याच सवयीने. शिवाय गोणी आपण बंद करू शकतो, पाण्यातले नत्र बंद करता येत नाही. ऊस पक्व होताना ते चालूच राहिले तर साखर उतारा घसरतो. त्यामुळे तोडणीआधीचे दोन-अडीच महिने तरी विहिरीच्या पाण्यावर काढावेत.

औषधांचे अवशेष, प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू, यांविषयी एका सभासदाने विचारल्याचे आपण मला निरोपात कळवले होते. ही भीती निराधार नाही. इस्राएलमध्ये सांडपाण्याचा सुमारे नव्वद टक्के भाग पुन्हा वापरला जातो, आणि तिथे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, अशा पाण्यावर वाढवलेली भाजी आठवडाभर खाल्लेल्या निरोगी माणसांच्या लघवीत कार्बामाझेपिन हे फेफऱ्यावरचे औषध मोजता आले. प्रमाण उपचारांच्या मात्रेच्या मानाने अगदी क्षुल्लक होते. पालेभाजी टाळून ऊस, चारा, डाळिंब यांना ठिबकने पाणी दिले तर हा मार्ग बराच अरुंद होतो. आपल्या शिवारापुरते पाहिले तर माझा क्रम असा: आधी पिण्याच्या विहिरी, मग रानात काम करणारी माणसे, मग जमीन, आणि औषधांचे अवशेष त्यानंतर.


कृष्णाकाठचा_ऊसवाला

आमच्या भागात क्षारपड झालेली हजारो एकर जमीन सांडपाण्याने नव्हे, नदीच्या गोड पाण्याने गेली. पाणी भरपूर, निचरा नाही, पाटाने तुंबवून द्यायची सवय. माझ्या वडिलांच्या तीन एकरांत आधी उसाची वाढ खुंटली, मग उन्हाळ्यात पांढरी साय दिसू लागली, मग लव्हाळा. शेवटी जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचरा करावा लागला आणि रान परत यायला चार हंगाम गेले. तेव्हा ३५० एकरांपैकी जिथे निचरा नाही असा सखल पट्टा आधीच वगळा. त्या पट्ट्याचे मालक भांडतील, तरी वगळा. आणखी एक: पावसाळ्यात तुम्हांला पाणी नको असते, पण केंद्र थांबत नाही. चार महिन्यांचे जवळपास पाच लाख घनमीटर पाणी कुठे जाणार, हे करारात नसेल तर भर पावसात ते तुमच्याच रानात सोडले जाईल.


भीमाकाठ

पावसाळ्याचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नव्हता. ‘जून ते सप्टेंबर पाणी ओढ्यातच सोडावे, उचलण्याची सक्ती नसावी’ असे कलम आता मसुद्यात घातले आहे, आणि उन्हाळ्यात खालच्या लोकांसाठी एक चतुर्थांश पाणी ओढ्यात कायम ठेवण्याचेही. त्यावर अजून एकमत नाही. वस्तीवरच्या अकरा घरांची नळजोडणी पूर्ण होईपर्यंत वाहिनीचे काम सुरू करायचे नाही, एवढा ठराव मात्र एकमताने झाला. कांदा वगळला आहे. पहिल्या वर्षी फक्त बारा एकर ऊस आणि चारा, तोही ठिबकवर, आणि शेजारी बारा एकर विहिरीच्या पाण्यावर तुलनेसाठी.

काल संध्याकाळी संस्थेच्या कार्यालयात दहा ग्लास मांडून ढेकळांची चाचणी केली. आठ ग्लासांत माती तळाशी बसली. सखल पट्ट्यातल्या दोन ग्लासांत दोन तासांनी ताकासारखे पाणी झाले होते, आणि तिथे आजवर केवळ विहिरीचेच पाणी दिले गेले आहे. त्या दोन्ही रानांचे मालक समोर बसले होते, त्यामुळे सखल पट्टा वगळण्यासाठी भांडण करावे लागले नाही. त्या जमिनीला जिप्सम (सोडियमला हुसकावणारे कॅल्शियमचे खनिज) घालावे की आधी निचऱ्याचा चर काढावा, हे काळी_कसदार यांनी सांगितल्यास बरे होईल. त्या दोन खड्ड्यांचा चारही थरांचा अहवाल पुढच्या आठवड्यात येथे टाकतो.


काळी_कसदार

आधी चर. निचरा नसताना जिप्सम घातले तर सुटलेला सोडियम जाणार कुठे? अहवाल आला की जिप्समची मात्रा काढून देतो. तोवर त्या दोन रानांत शेणखत आणि ताग, एवढेच करावे.